चाकाला चेन, घाटात चैन

फोर-बाय-फोर गाडीत ब्रेक किती चाकांना असतात? चार. आणि साध्या हॅचबॅकमध्ये? चारच! बर्फाच्या घाटात गाडी घालणाऱ्याला जे कळायला हवं, त्यातलं निम्मं या एका प्रश्नोत्तरात आलं. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की गाडी जागची झटकन सुटते, चढही ऐटीत चढते. थांबायच्या वेळी मात्र दोन्ही गाड्या एकाच पंगतीत. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. दीड-दोन टनांची गाडी आणि आत बसलेली माणसं, सगळ्यांची भिस्त अशा चार तळहातांवर.

टायरची चेन कामाला येते ती इथे. चेन म्हणजे चढ चढायचं साधन, असं बहुतेकांना वाटतं. माझं मत ठाम आहे: चेनची खरी कमाई उतारावर होते. आणि गाडीच्या मागे ट्रेलर जोडलेला असेल, तर दुप्पट होते.

आकडे बघा. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.७ ते ०.८ असतो. गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या हिमावर तो ०.२-०.३ पर्यंत उतरतो आणि निव्वळ बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही खाली. ताशी ५० किलोमीटर वेगात करकचून ब्रेक दाबला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १४ मीटरमध्ये थांबते, घट्ट हिमावर ४० मीटरच्या आसपास आणि बर्फावर १०० मीटरच्या घरात. हा ब्रेक लागल्यानंतरचा हिशेब झाला. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जे अंतर कापते, ते वेगळं.

यातही एक गंमत आहे. कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासची थंडी जास्त घातक. पारा उणे २० पर्यंत उतरला की बर्फ कडक आणि कोरडा होतो, टायर त्यावर थोडाफार धरून राहतो. शून्याजवळ मात्र बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि रबराला धरायला काहीच उरत नाही. दुपारी ऊन पडलं म्हणून निर्धास्त झालेला माणूस संध्याकाळच्या वळणावर फसतो, तो याच पाण्यामुळे.

चेन करते ती गोष्ट साधी आहे. गाडीचं वजन रुंद रबरावर पसरण्याऐवजी पोलादी कड्यांच्या अरुंद कडांवर येतं, आणि त्या कडा हिमात रुततात. रबर हिमावर घसरतं, पोलाद त्यात दात रोवतं.

वेली, दोऱ्या आणि हॅरी वीड

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात कॅनस्टोटा नावाचं गाव आहे. आज ते आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमसाठी ओळखलं जातं. पण मोटारवाल्यांनी त्याची आठवण ठेवावी ती हॅरी वीड या गृहस्थामुळे. मोटारी नव्या होत्या, रस्ते कच्चे होते. चिखलात किंवा हिमात चाक फिरत राहिलं की लोक टायरला दोऱ्या गुंडाळायचे, दोरी नसेल तर चक्क वेली गुंडाळायचे. वीडनं ते पाहिलं आणि दोरीच्या जागी साखळी आणली. २३ ऑगस्ट १९०४ रोजी त्याला अमेरिकेचं ७,६८,४९५ क्रमांकाचं पेटंट मिळालं. चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला एकेक गोल साखळी, आणि त्या दोघींना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या. शिडीसारख्या बांधणीच्या चेन आजही दुकानात मिळतात. १२० वर्षांत इतका कमी बदल झालेल्या मोटारीच्या वस्तू फार नाहीत.

जाहिरातीची कला तेव्हाही होतीच. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये वीडच्या कंपनीनं जगप्रसिद्ध जादूगार हॅरी हूदिनीला जाहीर आव्हान दिलं: आमच्या साखळ्यांमधून सुटून दाखवा! भर रंगमंचावर त्याला टायरच्या साखळ्यांत आणि मोटारीच्या चाकांत जखडलं गेलं. हूदिनी सुटला. पण साखळीचं नाव गावभर झालं.

आर-वन, आर-टू, आर-थ्री

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोकडून निघणारा आय-८० हा महामार्ग डोनर घाटात साधारण २,२०० मीटर उंचीवर जातो. घाटाला नाव मिळालं ते १८४६-४७ च्या हिवाळ्यात तिथं अडकलेल्या डोनर तांड्यावरून. ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे परतले नाहीत. घाटाजवळच्या हिम-प्रयोगशाळेनं २०२२-२३ च्या हंगामात ७५४ इंच, म्हणजे १९ मीटरहून अधिक हिमवृष्टी नोंदवली. बे एरियातली मराठी कुटुंबं पोराबाळांना बर्फ दाखवायला शनिवार-रविवार लेक टाहोला निघतात, ती बहुधा याच घाटातून.

इथं चेनच्या सक्तीच्या तीन पायऱ्या आहेत. आर-वन लागलं की सगळ्यांना चेन. हलक्या गाड्यांना स्नो टायर असतील तर सूट. आर-टू लागलं की सूट फक्त चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-बाय-फोर किंवा ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना. आर-थ्री म्हणजे कुणालाच सूट नाही. पण तिथवर वेळ येण्याआधीच बहुधा रस्ता बंद करतात. आता यातली बारीक गोष्ट: सूट मिळालेल्या गाडीलाही चेन सोबत बाळगावीच लागते. 'माझी फोर-बाय-फोर आहे' हे उत्तर तिथं चालत नाही, आणि ते मला पटतं.

रस्त्याकडेला पिवळ्या-नारिंगी जाकिटांतली माणसं उभी असतात. त्यांच्या अंगावर ठळक क्रमांक असतो. हे परवानाधारक चेन बसवणारे. ते सरकारी नोकर नाहीत. पैसे घेऊन तुमच्या गाडीखाली चिखल-हिमाच्या राड्यात पाठ टेकतात, आतल्या बाजूचा हूक हातानं चाचपून अडकवतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. गंमत म्हणजे त्यांना चेन बसवून द्यायची परवानगी आहे, विकायची किंवा भाड्यानं द्यायची नाही. तेव्हा चेन आपली आपणच आणायची, पावती मागायची आणि पावतीवर त्यांचा क्रमांक लिहून घ्यायचा.

भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. अनेक कंपन्यांच्या करारात चेन लावायला मनाई असते. सही करण्याआधी काउंटरवर विचारा. घाटाच्या तोंडाशी विचारून उपयोग नाही.

गुडघे टेकायची तयारी

चेन लावायला ताकद कमी आणि सराव जास्त लागतो. म्हणून पहिली चेन घाटात नव्हे, घरासमोर कोरड्या जागी, दिवसाउजेडी लावून बघायची. खोक्यातला कागद वाचायचा तो तिथेच.

आधी माप. टायरच्या बाजूवर २०५/५५ आर १६ असे आकडे कोरलेले असतात: रुंदी मिलिमीटरमध्ये, उंचीचं प्रमाण टक्क्यांत, आणि रिमचा व्यास इंचांत. चेन नेमकी त्याच मापाची हवी. मग जागेचा प्रश्न. आजकालच्या गाड्यांत टायर आणि चाकाच्या कमानीमधली फट फार कमी असते. अशा गाड्यांसाठी अमेरिकेत 'क्लास एस' नावाच्या कमी जागेत मावणाऱ्या चेन असतात. काही गाड्यांचे उत्पादक तर पुस्तिकेत सरळ लिहितात, की या टायरवर चेन लावूच नका. म्हणून गाडीची पुस्तिका आधी, चेनचं दुकान नंतर.

आता प्रत्यक्ष लावणी. सपाट, वाहतुकीपासून लांबची जागा. हँडब्रेक ओढलेला. साखळी जमिनीवर पसरून तिचे पीळ काढायचे. एकही कडी उलटी राहता कामा नये. आडव्या साखळ्यांच्या टोकांच्या हुकांची उघडी बाजू टायरकडे नको, बाहेर हवी. नाहीतर तेच टोक टायरची बाजू खात बसतं. साखळी चाकावरून पांघरायची, खाली टेकलेला भाग मोकळा ठेवायचा, गाडी हातभर पुढे घ्यायची आणि मग दोन्ही टोकं जोडायची. आधी आतली, मग बाहेरची. हा क्रम उलटा केला की आतल्या हुकापर्यंत हात पोचत नाही आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी रबरी ताणपट्टा लावून खाटेची नवार ताणावी तशी साखळी सगळीकडून सारखी ताणायची.

काम संपलं असं वाटतं. ते संपलेलं नसतं. शंभर-दोनशे मीटर गाडी चालवायची, थांबायचं, उतरायचं आणि पुन्हा ताण द्यायचा. साखळी चाकावर बसते ती फिरल्यानंतरच, आणि मग ती सैल पडलेली दिसते. ही दुसरी ताणणी चुकवणाऱ्यांच्या गाडीतून थोड्या वेळानं टपटप आवाज येऊ लागतो. तो आवाज म्हणजे साखळीचं सुटलेलं टोक चाकाच्या कमानीवर आपटतंय. तिथंच आत ब्रेकची नळी आणि चाकाच्या सेन्सरची वायर असते. आवाज आला की लगेच थांबा.

टायरमधली हवा कमी करून चेन चढवायची युक्ती कुणी सांगितली, तर ऐकू नका. चेन बनवणारेच त्याला मनाई करतात. डिकीत रबरी हातमोजे, डोक्याला बांधायचा दिवा, गुडघ्याखाली घ्यायला जाड चटई आणि चमकणारं जाकीट ठेवा. साध्या वस्तू आहेत, पण उणे पाचात उघड्या बोटांनी ओली साखळी धरून बघितल्याशिवाय त्यांची किंमत कळत नाही.

वेग? कॅलिफोर्नियात ताशी २५ ते ३० मैल. जर्मनीच्या कायद्यात ताशी ५० किलोमीटर. दोन्ही आकडे जवळपास सारखेच. आणि डांबर उघडं दिसू लागलं की पहिल्या सुरक्षित जागी चेन काढायची. कोरड्या रस्त्यावर पोलाद धरत तर नाहीच, उलट घसरतं, तापतं, झिजतं आणि तुटतं. रस्ता खरवडला जातो तो वेगळाच. घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्यानं धुऊन वाळवून ठेवायची, कारण हिमाच्या रस्त्यांवर मीठ टाकलेलं असतं आणि मिठाला लोखंड फार प्रिय.

कोणत्या चाकाला?

ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांना, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत पुढची चाकं, पिकअप आणि ट्रकमध्ये मागची, आणि फोर-बाय-फोरमध्ये पुस्तिका सांगेल ती.

पण नुसत्या दोन चाकांना चेन लावली की काय होतं, ते फार कुणी सांगत नाही. पुढच्या चाकांना चेन आहे, मागची मोकळी आहेत, गाडी उतारावर आहे आणि तुम्ही ब्रेक दाबलात: पुढची चाकं धरतात, मागची घसरतात, आणि गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. उलट मागच्या चाकांना चेन असेल तर गाडी धरते छान, पण वळणावर स्टिअरिंग फिरवूनही नाक सरळच जातं. म्हणून तीव्र उताराच्या रस्त्यावर चारही चाकांना चेन लावण्याचा सल्ला जाणकार देतात. पैसे दुप्पट, वेळ दुप्पट. उतारावर गाडी रस्त्यात राहते, हा त्याचा मोबदला.

मागे ट्रेलर, पुढे उतार

आता खरी परीक्षा. अमेरिका-कॅनडात पिकअपच्या मागे कॅम्पर, बोट किंवा बर्फावरची स्नोमोबाइल लादलेला ट्रेलर जोडून हिवाळ्यात निघणारे पुष्कळ. चढावर त्यांचं गणित सोपं असतं: पिकअपची चाकं धरली की ट्रेलर मागून येतो. उतारावर हे गणित उलटतं. ट्रेलर मागून ढकलू लागतो.

पिकअपनं ब्रेक लावला, तिच्या चेन लावलेल्या चाकांनी धरलं, आणि मागच्या ट्रेलरची चाकं बर्फावर लॉक झाली तर? लॉक झालेलं चाक घसरताना दिशा धरत नाही. रस्त्याचा उतार ज्या बाजूला असेल त्या बाजूला ट्रेलर झुकत जातो, वळणावर बाहेर फेकला जातो आणि शेजारच्या लेनमध्ये शिरतो. उलट प्रसंगात, पुढच्या वाहनाची मागची चाकं सुटली, तर ट्रेलर ढकलत राहतो आणि जोडणी सांध्यात दुमडते. यालाच जॅकनाइफ म्हणतात. पुढचं वाहन आडवं, मागचं आडवं आणि घाट बंद.

म्हणून कॅलिफोर्नियात ब्रेक असलेल्या ट्रेलरच्याही किमान एका अ‍ॅक्सलला चेन लागते. ही चेन काही ओढत नाही. ती थांबवते आणि ट्रेलरला रांगेत ठेवते. ओरेगनमध्ये घाटातल्या फलकांवर 'टो करणारी वाहने' हा वेगळा उल्लेख असतो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण बहुतेक लोक चेनचा विचार इंजिनापाशीच थांबवतात.

ट्रेलरवाल्यांनी चार गोष्टी बघाव्यात. ट्रेलरच्या टायरचं माप गाडीपेक्षा वेगळं असतं, म्हणून चेनही वेगळी घ्यावी लागते. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये पुढच्या-मागच्या टायरमधली फट इतकी कमी असते, की जाड साखळी तिथं घासते. विकत घेण्याआधी हात घालून बघा. जोडणीवर पडणारं वजन साधारणपणे ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतं आणि ते गाडीची मागची बाजू दाबतं. म्हणजे पुढची चाकं हलकी होतात. तुमची गाडी पुढच्या चाकांनी चालणारी असेल, तर जिथं चेन लावली तिथूनच वजन उचललं गेलं! हलक्या कारमागे ट्रेलर लावून बर्फाच्या घाटात जाऊ नये, असं मी म्हणेन.

आणि ब्रेकचा कंट्रोलर. विजेवर चालणारे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी गाडीत एक छोटी पेटी बसवलेली असते. ट्रेलरनं किती जोरात ब्रेक लावायचा ते तिच्यावर ठरवता येतं. कोरड्या रस्त्यावर जुळवलेला जोर बर्फावर फार होतो आणि चाकं लॉक होतात. घाटाआधी तो कमी करायचा. त्या पेटीला हातानं दाबायची एक पट्टीही असते. ट्रेलर मागे डुलू लागला तर पायाचा ब्रेक न लावता ती हलकेच दाबतात. ट्रेलर मागून धरतो आणि जोडी सरळ होते. क्रूझ कंट्रोल मात्र बर्फावर बंदच.

जोडणीखाली लटकणाऱ्या दोन साखळ्या वेगळ्या, त्यांचं काम वेगळं. त्या एकमेकींना छेद देऊन लावतात, म्हणजे जोडणी निखळलीच तर ट्रेलरचा दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर झेलला जातो. चाकाला चेन लावायला थांबलाच आहात तर या दोघींवरही एक नजर टाका.

गणपतीत चेन

कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन या साधारण २०० किलोमीटरच्या पट्ट्यात व्यापारी वाहनांना १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात चेन सोबत ठेवावीच लागते. आपल्याकडे गणपतीची आरास चालू असते, तेव्हा तिथले ट्रकवाले साखळ्या मोजत असतात. वर्षातले नऊ महिने! कारण याच पट्ट्यात आयझेनहावर बोगदा आहे, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. चेनची सक्ती लागू असताना ट्रकला चेन नसेल तर दंड ५०० डॉलरच्या वर, आणि चेन नसल्यामुळे रस्ता अडला तर हजाराच्या वर.

ट्रकची चेन उचलून बघावी अशी असते. जोडचाकांवर एकत्र बसणारी तिहेरी साखळी एकेक ३० किलोच्या घरात जाते. चालक एकटा असतो, बहुधा रात्र असते, वारा अंगावर येत असतो. महामार्गाकडेला खास यासाठी राखलेल्या रुंद, दिव्यांच्या जागा असतात. तिथं थांबलेल्या ट्रकजवळून जाताना वेग कमी करा, कारण चालक रस्त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसलेला असतो.

झटपट फेरफटका

ऑस्ट्रियात साडेतीन टनांवरच्या ट्रकना १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल चेन सोबत ठेवणं बंधनकारक. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२१ पासून डोंगराळ भागांत हिवाळी टायर तरी हवेत किंवा डिकीत चेन तरी. युरोपात निळ्या गोल फलकावर साखळी बांधलेला टायर दिसला की चेनशिवाय पुढे जायचं नाही. जर्मनीत तर फोर-बाय-फोरलाही सूट नाही. जपाननं २०१८ च्या डिसेंबरात १३ रस्त्यांचे टप्पे ठरवले, जिथं अतिहिमवृष्टीच्या वेळी हिवाळी टायर असले तरी चेन लागते. आणि ऑस्ट्रेलियातल्या कोशियुस्को राष्ट्रीय उद्यानात दोनच चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाड्यांना चेन बाळगावी लागते ती जून ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्या ऐन पावसाळ्यात.

चेनऐवजी टायरमध्येच खिळे बसवले तर? फिनलंडसारख्या देशांत ते चालतात. जपाननं मात्र १९९० साली कायदा करून त्यांना आवर घातला, कारण खिळे डांबर खरवडायचे आणि ती धूळ शहरांच्या हवेत उडायची.

बटण दाबून लागणारी चेनही आहे! स्वीडनमध्ये निघालेल्या या यंत्रणेत चाकाच्या आतल्या बाजूला एक छोटं रबरी चाक असतं आणि त्याला साखळ्यांचे तुकडे लटकवलेले असतात. चालकानं बटण दाबलं की हवेच्या दाबानं ते चाक टायरला टेकतं, गरगर फिरतं आणि साखळ्या टायरखाली फेकत राहतं. अमेरिकेत अग्निशमनाच्या गाड्या, रुग्णवाहिका आणि शाळेच्या बस यांना हे बसवलेलं असतं. ज्यांना थांबून साखळी बांधायला वेळ नसतो, अशांची ही सोय.

नॉर्वेवाल्यांनी तर टायरसाठी कापडी मोजे काढले. हलके, घडी घालून पिशवीत मावणारे आणि पाच-दहा मिनिटांत चढणारे. हिमावर ते चांगले धरतात, पण उघड्या डांबरावर लवकर फाटतात. अचानक अडकलात तर उपयोगी; रोजच्या घाटाला मात्र पोलादच बरं.

आणि जिथं हिमाचा कणही नाही, अशा खाणींतही टायरवर साखळ्या असतात. दगड भरणाऱ्या अजस्र लोडरचे टायर अतिशय महाग. धारदार दगडांनी ते फाटू नयेत म्हणून त्यांच्यावर पोलादी साखळ्यांचं जाळंच चढवतात. तिथं ती पकडीसाठी नसते, टायर वाचवण्यासाठी असते.

तंगमर्गला गाडी बदलताना

आपल्या देशात चेनशी मराठी माणसाची गाठ पडते ती बहुधा काश्मिरात. श्रीनगरहून गुलमर्गला जाताना तंगमर्गपाशी चढ सुरू होतो. हिम पडलं की प्रशासन चेनशिवाय गाडी वर सोडत नाही. मग सहलीची मोठी गाडी खाली थांबते आणि चेन लावलेल्या स्थानिक गाडीतून गुलमर्गच्या २,६०० मीटरहून जास्त उंचीवर जावं लागतं. पुण्या-मुंबईच्या पर्यटकांना इथं अनेकदा वाटतं, की हा पैसे उकळायचा प्रकार आहे. तो तसा नाही. त्या चढाची वळणं जो रोज चढतो-उतरतो, ज्याची साखळी रोज ताणलेली असते, त्याच्या गाडीत बसणं हाच शहाणपणा आहे.

मनालीकडे गोष्ट थोडी वेगळी. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे, आणि त्याच्यामुळे लाहौलला हिवाळ्यातही पर्यटक पोचू लागले. हिम पडलं की पोलीस बहुधा फोर-बाय-फोर गाड्याच पुढे सोडतात. पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांबाहेर सोलंगच्या आणि सिस्सूच्या बाजूला उतारच आहे, आणि तिथं गाड्या आपोआप घसरत खाली येतानाची दृश्यं दर हिवाळ्यात फोनवर फिरतात. घसरणाऱ्यांत फोर-बाय-फोरही असतात. त्यांना चढ जमला होता. उतार जमला नाही.

लडाख, सिक्कीम, तवांगच्या रस्त्यांवर सैन्याचे ट्रक हिवाळ्यात चेन सोबत घेऊनच निघतात. ३,५२८ मीटरवरच्या झोजी लाचा रस्ता मोकळा करायला सीमा सडक संघटनेची माणसं बर्फात राबतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली मुलं सैन्याच्या त्या ट्रकच्या स्टिअरिंगवर आहेत.

या हिवाळ्यात गुलमर्ग किंवा मनालीची सहल ठरवली असेल, तर निघण्याआधी चालकाला एवढंच विचारा: चेन गाडीत आहे का, आणि ती कोणत्या चाकांना लावणार? उतरताना त्याला घाई करू नका. गुलमर्गच्या गोंडोलाची, म्हणजे रोपवेची, वेळ हुकली तरी चालेल. आणि आभाळाकडे बघून तो 'आज वर नको' म्हणाला, तर पैसे भरलेत म्हणून त्याच्या मागे लागू नका. त्याचं ऐका.